मानाचा खरा अधिकारी : मल्लवीर खाशाबा जाधव

प्रतिवर्षीं राष्ट्रीय क्रीडापुरस्कारांची यादी प्रसिद्ध होते आणि तिच्यामागोमाग वादही सुरू होतो. अमक्यास पुरस्कार कां दिला, तमक्यास कां वगळलें, हॉकी श्रेष्ठ कीं क्रिकेट, एका सुवर्णपदकाची किंमत किती कांस्यपदकांएवढी धरावी, असे प्रश्न घरोघरीं, आगगाडीच्या डब्यांत आणि शाळांच्या वक्तृत्वसभांतही रंगतात. हा वाद वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या समाजांत गुणांची चर्चा होते, तो समाज जागा आहे असेंच समजावें. परंतु अशा वादांत बहुधा पदकें मोजलीं जातात, माणसें मोजलीं जात नाहींत. पदकें मोजणें सोपें असतें. तीं मिळविण्याकरितां कोणीं काय सोसलें, त्यास कोणीं हात दिला आणि देशास त्याची आठवण केव्हां झाली, हें मोजणें कठीण असतें. म्हणून आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें आज आम्ही अशा एका मल्लाचें चरित्र ठेवीत आहों, कीं ज्याच्या आयुष्याचा विचार केल्यावांचून हा वाद पुरा होऊं शकत नाहीं.

सातारा जिल्ह्यांत कृष्णा व कोयना या नद्यांच्या संगमावर कऱ्हाड शहर वसलेलें आहे. त्याच्या जवळच गोळेश्वर नांवाचें एक खेडें आहे. ह्या खेड्यांत १५ जानेवारी १९२६ रोजीं खाशाबांचा जन्म झाला. त्यांचे वडील दादासाहेब हे स्वतः नांवाजलेले मल्ल होते. पांच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. ज्या घरांत वडीलच वस्ताद, त्या घरांत मुलास कुस्तीची गोडी निराळी लावावी लागत नाहीं. पहांटे उठावें, लंगोट कसावा, जोर व बैठका काढाव्या, आणि आखाड्यांतील तांबडी माती अंगास लावून थोरल्यांशीं झुंज घ्यावी, हें त्यांचें बाळपणचें शिक्षण होय.

त्या काळीं कृष्णाकांठचा व पंचगंगाकांठचा सारा मुलूख कुस्तीचें माहेरघर समजला जात असे. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनीं मल्लविद्येस उदार आश्रय दिला होता. खासबागेचें विस्तीर्ण मैदान त्यांच्याच कारकीर्दींत उभें राहिलें. गांवोगांवच्या जत्रांत कुस्त्यांचे फड भरत, हलगी कडाडे, आणि जिंकणारा मल्ल डोक्यास पटका बांधून घरीं परते. अशा वातावरणांत वाढलेल्या शेंकडों मुलांपैकीं खाशाबा एक होते. विशेष गोष्ट ही, कीं त्यांची अंगकाठी मोठी नव्हती. धिप्पाड देह, रुंद छाती आणि भरदार मांड्या असें मल्लाचें जें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें, त्यांत ते बसत नव्हते. परंतु त्यांच्या अंगीं विलक्षण चपळाई होती, आणि प्रतिस्पर्ध्याचा डाव त्याच्या मनांत येतो न येतो तोंच ओळखणारी बुद्धि होती. ढाक हा त्यांचा आवडता डाव. ताकदीस युक्तीची जोड मिळाली म्हणजे लहान देहही मोठ्या देहास कसा लोळवितो, हें पुढें त्यांनीं जगास दाखविलें.

इ. स. १९४० ते १९४७ पर्यंत खाशाबांचें शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांत झालें. हीं वर्षें साधीं नव्हतीं. बेचाळीसच्या चळवळीचा वणवा सातारा जिल्ह्यांत जेवढा पेटला, तेवढा क्वचितच दुसरीकडे पेटला असेल. शाळकरी वयाच्या खाशाबांनींही त्यांत आपला वांटा उचलला. भूमिगत कार्यकर्त्यांस आसरा मिळवून देणें, त्यांचे निरोप व पत्रकें इकडून तिकडे पोंचविणें, अशीं कामें त्यांनीं केलीं. देश स्वतंत्र झाला तेव्हां ते एकवीस वर्षांचे होते.

पुढील शिक्षणाकरितां ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयांत दाखल झाले. तेथील एक प्रसंग आमच्या वाचकांनीं, विशेषतः शिक्षकांनीं व पालकांनीं, ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धांत आपलें नांव कुस्तीकरितां नोंदवावें अशी खाशाबांनीं विनंती केली. त्यांची किरकोळ देहयष्टि पाहून ती विनंती नाकारण्यांत आली. तेव्हां ते थेट प्राचार्यांकडे गेले आणि त्यांची परवानगी मिळवून आखाड्यांत उतरले. मग एकामागून एक कुस्त्या त्यांनीं अशा मारल्या, कीं पाहणारे थक्क झाले. नुसत्या नजरेनें माणसाचें माप घेणाऱ्यांस मिळालेलें हें उत्तर होय. ते शब्दांनीं भांडत बसले नाहींत. न्याय मागावयाचा तेथें मागितला आणि तो मिळतांच कृतीनें सिद्ध करून दाखविला. ही त्यांची रीत जन्मभर कायम राहिली.

इ. स. १९४८ सालीं लंडन येथें ऑलिंपिक सामने भरले. दुसऱ्या महायुद्धामुळें बारा वर्षें हे सामने झाले नव्हते, आणि स्वतंत्र भारताचा संघ म्हणून आपले खेळाडू प्रथमच जाणार होते. खाशाबांची निवड झाली. परंतु परदेशप्रवासाचा खर्च शेतकऱ्याच्या मुलानें कोठून आणावा? कोल्हापूरच्या महाराजांनीं त्यांच्या खर्चाची व्यवस्था केली, आणि बावीस वर्षांचा हा तरुण साता समुद्रांपलीकडे गेला.

तेथें त्यांच्यापुढें एक नवीच अडचण उभी राहिली. आमच्याकडील कुस्ती मातींत होते. तीस वेळेचें फारसें बंधन नसतें; दोन्ही खांदे मातीस लागले कीं कुस्ती निकालांत निघाली. ऑलिंपिकची कुस्ती गादीवर होते. तींत मिनिटें ठरलेलीं असतात, पकडींचे नियम निराळे असतात, आणि कोणाचीही पाठ न लागतां केवळ पंचांच्या निर्णयावर जयापजय ठरूं शकतो. मातींत पाय रोंवून उभें राहण्याची संवय असलेल्या मल्लाचा पाय गादीवर निराळा पडतो. रीस गार्डनर नांवाच्या शिक्षकांनीं खाशाबांस ह्या कुस्तीचे धडे दिले. ज्या खेळाची ओळख नुकतीच झाली होती, त्या खेळांत त्यांनीं ऑस्ट्रेलियाच्या व अमेरिकेच्या मल्लांस हरविलें. इराणच्या मन्सूर रईसी यांच्यापुढें मात्र त्यांस हार खावी लागली. सर्वांत हलक्या वजनाच्या त्या गटांत त्यांचा क्रमांक सहावा लागला.

सहावा क्रमांक म्हणजे पदक नव्हे. दुसरा एखादा असता तर लंडन पाहून आलों एवढ्याच समाधानावर राहिला असता. खाशाबांनीं परत येतांच पुन्हां मेहनत सुरू केली. आपलें कोठें चुकलें, गादीवर कोणता डाव चालतो व कोणता चालत नाहीं, ह्याचा विचार करून त्यांनीं चार वर्षें अंग झिजविलें. आपलें वजनही त्यांनीं वाढविलें आणि वरच्या, म्हणजे सत्तावन किलो वजनाच्या, गटांत उतरण्याचें ठरविलें. ऑलिंपिकचा अर्थ केवळ दोन आठवड्यांचा उत्सव नव्हे. त्याच्यामागें चार वर्षांच्या पहांटा असतात, हें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

इ. स. १९५२ चे सामने फिनलंड देशाची राजधानी हेलसिंकी येथें भरावयाचे होते. परंतु तेथें पोंचण्यापूर्वीं खाशाबांस घरच्याच दोन कुस्त्या माराव्या लागल्या, आणि त्या आखाड्यांतील कुस्त्यांपेक्षां अवघड होत्या.

पहिली कुस्ती निवडीची. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेंत आपणांस मुद्दाम कमी गुण देण्यांत आले व त्यामुळें आपली निवड हुकली, अशी खाशाबांची तक्रार होती. ती घेऊन ते पतियाळाचे महाराज यादवींद्रसिंग यांच्याकडे गेले. हे महाराज त्या वेळीं भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते व स्वतः खेळांचे मोठे चाहते होते. त्यांनीं पुन्हां कुस्ती लावण्याची व्यवस्था केली. खाशाबांनीं प्रतिस्पर्ध्यास चीत केलें आणि संघांत आपली जागा मिळविली.

दुसरी कुस्ती पैशाची. निवड झाली तरी प्रवासाचा खर्च खेळाडूनेंच उभा करावयाचा होता. सरकारकडून मिळालेली मदत पुरेशी नव्हती. तेव्हां खाशाबा दारोदार फिरले. गोळेश्वरच्या व आसपासच्या लोकांनीं आपापल्या ऐपतीप्रमाणें वर्गणी दिली. ज्यांनीं फिनलंड हें नांव पूर्वीं कधीं ऐकलेंही नसेल, अशा शेतकऱ्यांनीं आपल्या गांवच्या पोरानें तेथें जावें म्हणून गांठीचा पैसा सोडला. तरीही रक्कम पुरी होईना. अशा वेळीं राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर पुढें आले. त्यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकलें आणि सात हजार रुपये उभे करून आपल्या विद्यार्थ्याच्या हातीं दिले.

वाचकहो, येथें आपण क्षणभर थांबूं या. सात हजार रुपये ही त्या काळीं लहान रक्कम नव्हती. ज्या विद्यार्थ्याकरितां घर गहाण टाकावयाचें तो जिंकेलच अशी खात्री कोणास देतां येणार होती? पहिल्याच फेरींत तो हरला असता तर? आपल्या समाजांत लोक घर गहाण टाकतात तें मुलीच्या लग्नाकरितां, आजारपणाकरितां, नाहींतर कोर्टकचेरीकरितां. परक्याच्या मुलाच्या खेळाकरितां घर गहाण टाकणारा पुरुष विरळा. खाशाबांस पुढें कोणते पुरस्कार मिळाले व कोणते मिळाले नाहींत, ह्याचा हिशेब आम्ही यथाकाल करूंच. पण त्यांस मिळालेला पहिला पुरस्कार हा होय, आणि तो त्यांस पदकाच्या आधीं मिळाला.

हेलसिंकी येथें खाशाबांनीं पहिल्या फेऱ्या झपाट्यानें जिंकल्या. कॅनडाचे पोलिक्विन, मेक्सिकोचे बासुर्तो व जर्मनीचे श्मिट्झ ह्या तिघांस त्यांनीं हरविलें. पुढें त्यांची गांठ जपानच्या शोहाची इशी यांच्याशीं पडली. ही कुस्ती अटीतटीची झाली व थोडक्यांत इशी यांच्या बाजूनें निकाल लागला. ती लांबलेली कुस्ती आटोपून घाम निथळत आहे तोंच सोव्हिएट रशियाच्या रशीद ममादबेयोव्ह यांच्याशीं लढण्यास खाशाबांचें नांव पुकारण्यांत आलें. दोन कुस्त्यांमध्यें मल्लास निदान अर्धा तास विसावा मिळावा असा नियम होता. परंतु तो नियम दाखवून हरकत घेण्यास भारतीय पथकाचा कोणीही अधिकारी त्या वेळीं तेथें हजर नव्हता, असें सांगतात. थकलेल्या अंगानें खाशाबा गादीवर गेले आणि ती कुस्ती हरले. इशी यांस सुवर्ण, ममादबेयोव्ह यांस रौप्य व खाशाबांस कांस्य अशीं पदकें मिळालीं. तो दिवस २३ जुलै १९५२ हा होता.

स्वतंत्र भारताच्या खेळाडूनें एकट्याच्या बळावर मिळविलेलें हें पहिलें ऑलिंपिक पदक होय. इ. स. १९०० मध्यें पॅरिस येथें कलकत्त्यास जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड यांनीं धांवण्यांत दोन रौप्यपदकें मिळविलीं होतीं. पण तो काळ परराज्याचा होता. हॉकींत आपला संघ सुवर्णपदकें मिळवीत आला होता, आणि हेलसिंकीसही त्यानें तें मिळविलें. संघाच्या त्या विजयाचा आनंद सर्वांसच झाला. परंतु एकट्या माणसानें जगाशीं झुंजून पदक आणणें ही गोष्ट किती दुर्मिळ होती, हें त्या वेळीं कोणाच्या ध्यानांत आलें नसावें. तें ध्यानांत येण्यास आकडेच पुरे आहेत. असें दुसरें पदक मिळण्यास इ. स. १९९६ उजाडावें लागलें. तें अटलांटा येथें लिअँडर पेस यांनीं टेनिसमध्यें मिळविलें. म्हणजे मध्यें चव्वेचाळीस वर्षें गेलीं. कुस्तींतील दुसरें पदक तर इ. स. २००८ मध्यें, छप्पन वर्षांनीं, बीजिंग येथें सुशीलकुमार यांनीं मिळविलें.

खाशाबा परत आले तेव्हां कऱ्हाडास लोकांनीं त्यांचें स्वागत केलें तें पाहण्यासारखें होतें. एकशें एकावन बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल, लेझीम व फटाके यांच्या गजरांत ही मिरवणूक कऱ्हाडाहून गोळेश्वरास गेली. एरवीं पाव तासांत तुटणारी ती वाट त्या दिवशीं तुटण्यास सात तास लागले, असें सांगतात. ज्यांनीं चार-आठ आणे वर्गणी दिली होती, त्यांस त्या पदकांत आपला वांटा दिसत होता.

मिरवणूक संपली, गुलाल धुतला गेला, आणि मग खाशाबांनीं जी गोष्ट केली ती आम्हांस पदकाहूनही मोलाची वाटते. प्राचार्यांचें घर अद्याप गहाण होतें. खाशाबांनीं कुस्त्यांचे फड भरविले, त्यांत ते स्वतः लढले, आणि जो पैसा जमला तो प्राचार्य खर्डेकर यांच्या हवालीं करून त्यांचें घर सोडवून दिलें. ऑलिंपिकच्या गादीवर लढलेला मल्ल ऋण फेडण्याकरितां पुन्हां गांवच्या मातींत उतरला. कीर्ति मिळाल्यावर ज्यांच्या खांद्यावर पाय देऊन आपण वर चढलों त्यांचा विसर पडणें हा मनुष्यस्वभाव आहे. खाशाबांनीं त्या स्वभावासही चीत केलें असें आम्ही म्हणूं.

इ. स. १९५५ मध्यें खाशाबा पोलीस खात्यांत फौजदार म्हणून दाखल झाले. खात्याच्या स्पर्धांत त्यांनीं कुस्त्या जिंकल्या व तरुण शिपायांस खेळाचें शिक्षण दिलें. इ. स. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला जावें अशी त्यांची इच्छा होती. परंतु गुडघ्यास दुखापत झाली आणि तो मार्ग बंद झाला. सत्तावीस वर्षें इमानेंइतबारें नोकरी करून सहाय्यक पोलीस आयुक्त ह्या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले. इ. स. १९८२ मध्यें दिल्लीस आशियाई सामने भरले, तेव्हां मशाल घेऊन धांवणाऱ्यांत त्यांस स्थान देण्यांत आलें. पण एरवीं त्यांचे उत्तरायुष्य फारसें सुखाचें गेलें नाहीं. क्रीडासंस्थांनीं त्यांची विचारपूस केली नाहीं आणि हक्काच्या निवृत्तिवेतनासाठींही त्यांस खटपट करावी लागली. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचा अंत झाला. त्या वेळीं त्यांचें वय अठ्ठावन वर्षांचें होतें.

आतां पुरस्कारांचा हिशेब पाहूं. पद्म पुरस्कार इ. स. १९५४ मध्यें सुरू झाले, अर्जुन पुरस्कार इ. स. १९६१ मध्यें, आणि खेलरत्न पुरस्कार इ. स. १९९१-९२ मध्यें. म्हणजे हेलसिंकीच्या वेळीं यांपैकीं एकही अस्तित्वांत नव्हता. खाशाबांच्या हयातींत त्यांस पद्म पुरस्कारही मिळाला नाहीं व अर्जुन पुरस्कारही मिळाला नाहीं. महाराष्ट्र राज्यानें त्यांस मरणोत्तर शिवछत्रपति पुरस्कार दिला. केंद्र सरकारनें इ. स. २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांच्या नांवें दिला. तोंपर्यंत पदकास अठ्ठेचाळीस वर्षें व मृत्यूस सोळा वर्षें होऊन गेलीं होतीं. इ. स. २०१० च्या राष्ट्रकुल सामन्यांच्या वेळीं दिल्लींतील कुस्तीच्या क्रीडागृहास त्यांचें नांव देण्यांत आलें.

येथें वादाचा मुद्दा उपस्थित होतो, आणि दोन्ही बाजू नीट ऐकून घेणें हें सुशिक्षितांचें कर्तव्य आहे. एक पक्ष असें म्हणतो, कीं पुरस्कारच नव्हते तर द्यावयाचे कोणते? शिवाय कांस्यपदक म्हणजे तिसरा क्रमांक, तोही एकदांच. ज्यांनीं तीन तीन सुवर्णपदकें मिळविलीं, त्यांच्या पंक्तीस हा मल्ल कसा बसवावा? आणि मागें घडलेल्या प्रत्येक पराक्रमास आज पुरस्कार देत बसलों तर त्यास अंत कोठें?

ह्यांतील पहिल्या आक्षेपाचें उत्तर इतिहासच देतो. हॉकीचे जादूगार मेजर ध्यानचंद यांनीं इ. स. १९२८, १९३२ व १९३६ ह्या तिन्ही ऑलिंपिकांत सुवर्णपदक मिळविलें. त्यांस पद्मभूषण मिळालें तें इ. स. १९५६ मध्यें, शेवटच्या पदकानंतर वीस वर्षांनीं. त्याच वर्षीं क्रिकेटपटू सी. के. नायडू यांसही पद्मभूषण मिळालें. भारतीय संघाचे पहिले कसोटी कर्णधार म्हणून ते इ. स. १९३२ मध्यें खेळले होते. दोघांचाही सन्मान सर्वथा योग्य होता. परंतु त्यावरून एवढें सिद्ध होतें, कीं पूर्वीं केलेल्या पराक्रमाची आठवण ठेवून मागाहून मान देण्याची वाट त्या वेळीं मोकळी होती. चार वर्षांपूर्वींच्या हेलसिंकीची आठवण मात्र त्या वाटेनें गेली नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खाशाबा हे ध्यानचंदांहून थोर खेळाडू होते असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. श्रेष्ठत्वाची तुलनाच करावयाची तर इ. स. २०१४ मध्यें सचिन तेंडुलकर यांस भारतरत्न देण्यांत आलें, तेव्हां ध्यानचंदांचा मान आधीं नव्हता काय, ह्यावर देशभर चर्चा झालीच. पुढें इ. स. २०२१ मध्यें खेलरत्न पुरस्कारास ध्यानचंदांचें नांव देण्यांत आलें. अशा तुलनांचा शेवट होत नाहीं, कारण हॉकीच्या काठीनें क्रिकेटच्या धावा मोजतां येत नाहींत आणि तराजूंत सुवर्ण व घाम एकाच वजनानें तोलतां येत नाहींत.

आमच्या मतें ह्या सर्व वादांत दोन निराळे प्रश्न एकत्र मिसळले जातात. सर्वांत श्रेष्ठ खेळाडू कोण, हा एक प्रश्न. आणि आपण कोणाचें ऋण लागतों, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर पदकांच्या मोजणींतून कदाचित् मिळेल. दुसऱ्याचें उत्तर मिळविण्याकरितां तो खेळाडू कोठून निघाला व कोठवर पोंचला, हें अंतर मोजावें लागतें. ज्याच्यापाशीं गादी नव्हती, पुरेसा पैसा नव्हता, ज्याची निवडही झगडून मिळवावी लागली, आणि ऐन वेळीं नियम सांगावयास ज्याच्या बाजूला आपला एक माणूसही उभा नव्हता, त्यानें तिसरा क्रमांक मिळविला. ह्या अंतरांतील प्रत्येक पाऊल त्यानें टाकलें. देशानें त्यास चालण्यास फारशी मदत केली नाहीं. म्हणून त्याच्या कांस्यपदकांत देशावरील ऋणाचा अंश मोठा आहे.

ऋणाचा दुसरा धर्म असा, कीं त्यास मुदत असते. इ. स. २००१ मध्यें सुप्रसिद्ध धावपटू मिल्खासिंग यांस अर्जुन पुरस्कार देऊं केला गेला तेव्हां त्यांनीं तो नाकारला. तो फार उशिरां आला, असें त्यांचें म्हणणें होतें. मिल्खासिंग यांस निदान नकार देतां आला. खाशाबांस तेंही शक्य नव्हतें. मेलेल्या माणसाच्या गळ्यांत घातलेल्या हाराचा सुगंध त्यास येत नाहीं. अशा मानाचा उपयोग होतो तो आपणांस. आपलें मन हलकें होतें. म्हणून मरणोत्तर सन्मान देऊं नयेत असें नव्हे. ते द्यावेत, पण ते देतांना आपण उपकार करीत नसून थकलेली बाकी भरीत आहों, हें मनांत असावें.

विद्यार्थिमित्रहो, पुढें जेव्हां वक्तृत्वसभेंत ह्या विषयावर बोलण्यास उभे राहाल, तेव्हां अवश्य जोरानें बोला. आपल्या आवडत्या खेळाडूची बाजू मांडा. मात्र बोलण्यापूर्वीं दोन आकडे मनाशीं ठेवा. प्राचार्य खर्डेकर यांनीं आपल्या विद्यार्थ्यास मान दिला तो पदक मिळण्यापूर्वीं, आणि सरकारचा अर्जुन पुरस्कार आला तो पदकानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनीं. ह्या दोहोंमध्यें खाशाबांनीं स्वतः जें केलें तेंही विसरूं नका. त्यांनीं आपलें देणें फेडण्यास पुरस्काराची वाट पाहिली नाहीं.

पालकांस आमची विनंती एवढीच आहे, कीं प्रत्येक गांवांत, प्रत्येक शाळेंत, किरकोळ अंगाचा एखादा मुलगा किंवा एखादी मुलगी असतेच, कीं जिच्या गुणांवर कोणाचा चटकन् विश्वास बसत नाहीं. तिच्याकरितां सर्वांसच घर गहाण टाकतां येणार नाहीं. परंतु तिचें नांव स्पर्धेच्या यादींत घालण्यापुरता विश्वास ठेवण्यास कांहींच खर्च येत नाहीं. तेवढा मान तिला आजच देऊं या. तो उद्यां दिला तर कदाचित् उशीर झालेला असेल.